देवमनभाऊंची चव

वरूडात संत्र्याचा बगीचा झाडावरच विकतात. पण सौदा बसण्याआधी कुणीतरी फळ चाखून सांगावं लागतं. आमच्या भागात ते काम देवमनभाऊंचं. लोक त्यांना आपापल्या बगीच्यात बोलावून नेत. झाडाच्या सावलीकडचं फळ सोलून ते एक फोड जिभेवर ठेवत, डोळे मिटत आणि म्हणत, अजून थोडं राहू द्या. व्यापारीही मग थांबे.

पुढे त्यांची मूत्रपिंडं निकामी होत गेली. अमरावतीला डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं: फळं-भाज्यांतलं पोटॅशियम आता शरीराबाहेर पडत नाही, रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. संत्री, केळी, नारळपाणी बंद. त्यांची बायको मैनावहिनी भाजी चिरून पाण्यात भिजत घालायच्या, ते पाणी फेकून मग शिजवायच्या. देवमनभाऊ ती बेचव भाजी मुकाट्यानं खात. भर उन्हातही पाणी बेतानंच पीत.

मृगाच्या बहाराची फळं उन्हाळ्याच्या तोंडाशी तयार झाली, नेहमीसारखी बोलावणी आली आणि ते जात राहिले. एका दुपारी शेजारच्या बगीच्यात त्यांचे पाय लुळे पडले. मुलानं, शेखरनं, गाडीत घालून अमरावती गाठली. रक्तातलं पोटॅशियम फार वाढलेलं. ताबडतोब डायलिसिस झालं म्हणून वाचले.

"संत्रं खाल्लं का तुमी?" वहिनींनी विचारलं.

"खाल्लं नाही. चाखलं."

"किती झाडाचं?"

ते बोटांवर मोजू लागले. दोन्ही हातांची बोटं संपली.

"मी भाजीचं पाणी फेकून राहिली, अन् तुमी बगीचे पिऊन राहिले."

त्यांनी फसवलं नव्हतं. डॉक्टरांनी मनाई केली ती खाण्याला. चाखणं हे त्यांच्या लेखी काम होतं.

दिवाळीच्या सुमाराला आंबिया बहाराची फळं आली, तेव्हा त्यांच्याच बगीच्याचा सौदा होता. व्यापाऱ्यानं सवयीनं पहिलं फळ त्यांच्या हाती दिलं. त्यांनी ते सोललं, हुंगलं आणि फोड शेखरला दिली. शेखर म्हणाला, गोड आहे.

"गोड त सारेच असते, बापू. मांगून तुरट लागते का?"

शेखरनं दुसरी फोड चघळली. त्याला सांगता येईना. देवमनभाऊंची बोटं रसानं ओली होती. त्यांनी ती धोतराला पुसली.

"आता त्यालेच इचारा," ते व्यापाऱ्याला म्हणाले आणि धुऱ्याकडे, शेताच्या बांधाकडे, तोंड करून उभे राहिले. व्यापाऱ्यानं भाव उतरवून सांगितला. शेखरनं तो मान्य केला.