टीव्हीवर गेलेला धवळा

दारात सुक्या मासळीची पाटी उतरवली की काशिनाथ आधी माझ्या हातातल्या बांगड्या बघायचा. "वयनी, हिरव्यात ह्यो पिवला कुटून घुसला? काडा तो." शेजारच्या घिवली गावात पुरुष होड्यांवर जात आणि मासळी विकायचं काम बायकांचं. काशिनाथ पुरुष असून बायकांबरोबर पाटी घेऊन आमच्या वसाहतीत यायचा. मी साताऱ्याकडची. नवरा वीज केंद्रात कामाला, नव्या मुलखात ओळख ना पाळख. तिथे मला मिळालेली पहिली मैत्रीण म्हणजे काशिनाथ.

केस मानेवर रुळणारे, डोळ्यांत काजळाची बारीक रेघ, अंगात स्वच्छ पांढरा सदरा. कोणी खोचकपणे विचारलंच, तर तो शांतपणे म्हणायचा, "देवानं आंग बाप्याचं दिलं, मन बायचं. दोनी त्याचंच. मी कुनाला परत करू?" गाव त्याला काशीबाय म्हणायचं, आणि तेव्हा त्यात कुचेष्टा नव्हती. कारण काशिनाथ धवळे गायचा. तिकडे लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला धवळा लागतो, आणि तो गाणारी धवलारीण बाईच असते. काशिनाथ हे सगळं आईकडून शिकला होता. आई गेल्यावर गावातल्या बायकांनीच त्याला मांडवात बसवलं. गाताना तो डोळे मिटायचा, आणि एकदा सुरू केलेला धवळा काही झालं तरी अर्धा सोडायचा नाही. "अर्दा ठेवला तर संसार अर्दा ऱ्हातो," हे त्याचं ठाम मत. विधवा बहिणीची मुलगी जयू त्याने लहानाची मोठी केली होती. "माजे जयूची हलद माज्याच तोंडून लागनार," असं तो मला दर महिन्याला ऐकवायचा. आयुष्याकडून त्याचं एवढंच मागणं होतं.

जयूचं लग्न ठरलं, आणि त्याच सुमारास पालघरच्या एका समारंभात टीव्हीवाल्यांनी काशिनाथला ऐकलं. करमणुकीचा कार्यक्रम होता, घरोघरी बघितला जाणारा. त्याचा सूत्रधार साडी नेसून बाईची नक्कल करायचा आणि महाराष्ट्र पोट धरून हसायचा. त्यांनी काशिनाथला सांगितलं, आम्हाला लोककला दाखवायची आहे. हा भोळा माणूस उपास करून, नवा सदरा घालून मुंबईला गेला.

परत आला तो हरखून. "रंगवायचे खोलीत त्या साडीवाल्यानं माजा हात धरला, वयनी. बोलला, मी तुज्यासारकाच हाय, पन कुनाला बोलू नको. डोल्यात पानी आलं त्याचे." काशिनाथला आपला माणूस भेटला होता. मध्येच कोणीतरी "पुरे, पुरे" म्हणाल्याचंही त्याने सांगितलं. "पन मी कसा थांबनार? धवला हाय तो. पुरा केला."

कार्यक्रमाच्या दिवशी आमच्या घरात घिवलीच्या बायका दाटीवाटीने बसल्या. काशिनाथ पुढे, जयू त्याच्या बाजूला. पडद्यावर तो आला, डोळे मिटून गाऊ लागला. आणि मागून तो सूत्रधार आला. डोक्यावर पदर, कमरेवर हात. काशिनाथच्या पाठीमागे उभा राहून त्याने ओठ मुरडले, कंबर हलवली, हळद लागल्यासारखं अंग चोळलं. कुठल्या तरी भलत्याच माणसांचं हसू त्यावर चिकटवलेलं होतं, ते दर ओळीला फुटत होतं. धवळा लांब, म्हणून चेष्टाही लांब. आजही ते हसू आठवलं की शिसारी येते.

बायकांनी माना खाली घातल्या. खिडकीत उभी असलेली पोरं मात्र खिदळत होती. मी उठून टीव्ही बंद केला आणि त्या सूत्रधाराला तोंडाला येईल ते बोलले. काशिनाथने मला थांबवलं. "नका बोलू. त्याला भ्या हाय. माज्यावर हसवलं का त्याचेवर कोन हसनार नाय." माझं मन एवढं मोठं नाही. स्वतःची कातडी वाचवायला आपल्याच माणसाला लोकांपुढे टाकणाऱ्याची मला तेव्हाही किळस आली आणि आजही येते.

नवरा मुलगा एडवणचा. तिकडून निरोप आला, "तो टीव्हीवाला मांडवात नको." जयूने उलट निरोप धाडला, "मामा नाय तर मी पन नाय." सासरचे नमले. पण हळदीला नवऱ्याचे दोस्त आले ते तयारीनेच. काशिनाथने सूर लावला आणि चौघे त्याच्या मागे उभे राहिले. डोक्यावर टॉवेलचा पदर, कमरेवर हात. ओठ मुरडणंसुद्धा टीव्हीवरचंच. शिकलेली, पगारदार पोरं! मांडवातली म्हातारी माणसंही तोंडावर हात धरून हसत होती. बहीण रडत म्हणाली, "दादा, ऊठ." तो उठला नाही. आवाज फाटला, पण जयूची हळद त्याने शेवटच्या ओळीपर्यंत गायली. मग मागे वळून म्हणाला, "झाला पुरा. आता हसा."

आणि ते हसले हो. एकाने तर शिट्टी वाजवून "वन्स मोअर" दिला.

त्यानंतर काशिनाथ कुठल्याच मांडवात बसला नाही. बायका येऊन पाया पडल्या, तरी नाही. मासळी मात्र विकत राहिला. लग्नांत कर्णे आले, बॅन्ड आले. दोन-तीन वर्षांनी तो माझ्या पायरीवर चहा पीत बसला असताना मोटारसायकलवरून एक जण आला. टॉवेलवाल्या चौघांतलाच, मी लगेच ओळखला. त्याच्या बहिणीचं लग्न होतं, आणि धवळ्याशिवाय हळद लावून घेणार नाही म्हणून आजी हटून बसली होती.

"मामा, मागचं सोडा," तो म्हणाला.

"सोडलं. बोंबील पायजेत तर घे. धवला नाय."

"मग आमचे बायची हलद कशी लागल?"

काशिनाथने बशीतला चहा संपवला, सावकाश तोंड पुसलं.

"टीवी लाव," तो म्हणाला.