मेसवाले आप्पा आणि लंचनचा डबा

मेसवाले आप्पा डब्यातलं मटण दोऱ्याने कापायचे. गोधडी शिवायचा जाड पांढरा दोरा. त्याचं एक टोक दातात, दुसरं उजव्या हाताच्या बोटाला गुंडाळलेलं आणि डाव्या हातात तो गुलाबी, ओलसर ठोकळा. दोरा खाली ओढला की साबणाच्या वडीसारखी नीट फोड पडायची. सुरी का वापरत नाही, असं मी एकदा विचारलं. त्यांनी दातातला दोरा काढला आणि म्हणाले, "सुरीनं चिंधड्या हुत्यात. मेसमधी असलं चालत न्हाय."

जगातल्या कुठल्याही गोष्टीचा निकाल ते असाच लावायचे. माझ्या दुकानातला पंखा कुरकुरतो, बस वेळेवर येत नाही, जावई चहा बशीतून पितो. मेसमध्ये चालत नाही. बेळगावच्या कॅम्पात लष्करी मेसमध्ये त्यांनी उभा जन्म आचारी म्हणून काढला होता. निवृत्त झाल्यावर बायकोच्या गावी, म्हणजे आमच्या संकेश्वरला, येऊन राहिले. खरं नाव रेशन कार्डावर असेल. आम्ही सगळे मेसवाले आप्पाच म्हणायचो.

मी खता-बियाणांचा दुकानदार आणि जातीने जैन. चातुर्मासात आमच्याकडे लसूणसुद्धा चालत नाही. असा माणूस मासे धरणाऱ्याशेजारी कसा जाऊन बसला, हे तुम्ही विचाराल. सगळा बाजार विचारायचाच. दोष डॉक्टरचा. साखर वाढली म्हणून त्याने सकाळी चालायला सांगितलं, आणि आमच्या गावात चालत गेलं की हिरण्यकेशीच्या बंधाऱ्यावर रस्ता संपतो. तिथे आप्पा गळ टाकून बसलेले असायचे. त्यांच्यापासून वीस पावलांवर एक सपाट दगड होता. दोन-चार महिन्यांत तो माझा झाला. दुकानात गिऱ्हाइकं चेष्टा करायची की अण्णा आजकाल बगळ्याच्या शेजारी ध्यानाला बसतात.

बाकीचे लोक गळाला गांडूळ लावायचे, नाहीतर कणकेची गोळी. आप्पांना ते पटत नव्हतं. मेसमधल्या कुणा म्हाताऱ्या साहेबाने त्यांना ही डब्यातल्या मटणाची विद्या दिली होती. लंचन मीट हे त्याचं नाव, पण आप्पा नुसतं 'लंचन' म्हणायचे, घरातल्या माणसाला हाक मारावी तसं. महिन्यातून एकदा कॅम्पात जाऊन ते एका दुकानातून कोंबडीच्या लंचनचे डबे आणायचे. फोडी हळद-लसणात तव्यावर जरा परतायच्या, म्हणजे वरून घट्ट होतात आणि पाण्यात वास पसरतो. मग गळाच्या बाकात गवताची काडी आडवी घालायची, म्हणजे फोड निसटत नाही. इतकी काळजी मी माझ्या लग्नात घेतली नव्हती. स्वतः मात्र ते लंचन कधी खात नसत. एवढी वर्षं साहेबांना वाढलं, म्हणायचे, आता माशांना वाढतो.

माझ्यासाठी त्यांनी एक नियम केला होता. दोरी ताणली की ते हळूच म्हणायचे, "अण्णा, तिकडं बघा." 'तिकडं' म्हणजे साखर कारखान्याच्या चिमणीकडे. मी चिमणी बघत बसायचो. पाठीमागे पाणी खळबळायचं, ओलं पोतं सरकायचं, आणि मग आवाज यायचा, "झालं." आमच्या धर्मात करणं, करवणं आणि करणाऱ्याला बरं म्हणणं, तिन्हींचं पाप सारखंच धरतात. मी त्यातलं तिसरं रोज सकाळी करत होतो आणि चिमणीकडे बघून आपण सुटलो असं समजत होतो. आप्पांना हे कळत होतं की नाही कुणास ठाऊक. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

धरलेले मासे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून टाकायचे. नाद होता, गरज नव्हती. ती आक्कांच्या आजारपणात आली.

आक्का म्हणजे त्यांची बायको. पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, मग बेळगावला औषधाच्या खेपा सुरू झाल्या. अन्न समोर आलं की त्यांना मळमळायचं. भात नको, दूध नको. एक दिवस आप्पांनी नदीतल्या शिंगाळ्याचा पातळ रस्सा करून दिला. हा मिशीवाला मासा, काटे कमी. तो रस्सा पोटात राहिला. बाजारातला बर्फातला मासा आणून बघितला, तर वाटी नाकाजवळ नेताच त्यांनी बाजूला सारली. डॉक्टर म्हणाला, काय जाईल ते द्या, वजन आणखी उतरलं तर पुढचं औषध देता येणार नाही.

तेव्हापासून आप्पा माझ्याशी बोलेनासे झाले. रागाने नव्हे. त्यांचं लक्ष दोरीवरून हलायचं नाही. त्यात लंचन परतल्याचा वास आक्कांना सोसेना, म्हणून ते कच्चंच आणायला लागले. कच्ची फोड मऊ, पाण्यात पडली की सुटायची. सकाळी सातला आलेला माणूस अकरापर्यंत बसायचा. मी दुकान उघडायला निघालो की मान न वळवता हात वर करायचा.

आणि अशात ते बंधाऱ्याच्या शेवाळावरून घसरले. उजवं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर आलं. मला वाटलं आता महिनाभर येत नाहीत. चौथ्या दिवशी बघतो तर डबा, दोरा, गळ सगळं मांडून बसलेले. आक्कांच्या पोटात दोन दिवस चहाशिवाय काही नव्हतं. दोऱ्याचं एक टोक त्यांनी दातात धरलं होतं, दुसरं डाव्या हाताला गुंडाळलेलं. ठोकळा धरायला हातच नव्हता. तो प्लास्टरवरून घसरून मातीत पडला. उचलून धुतला, पुन्हा पडला.

मी माझ्या दगडावरून उठलो. त्या वीस पावलांत मी काय काय विचार केला ते आता आठवत नाही. जवळ जाऊन हात पुढे केला.

"द्या हिकडं. मी कापतो."

त्यांनी डबा छातीशी ओढून घेतला. "अण्णा, तुमी जाऊन बसा."

"मेलेलंच हाय की ते, आप्पा. डब्यातलं."

"हे मेलेलं हाय. ह्याच्या फुडचं जिवंत हाय." त्यांनी डबा सोडला नाही. मग म्हणाले, "तिला कळलं ना, अण्णांनी आपल्यापायी नेम मोडला, तर ती रश्शाला तोंड लावायची न्हाय. जावा तुमी."

मी परत जाऊन बसलो. त्यांनी ठोकळा दोन गुडघ्यांत धरला आणि कशाबशा फोडी केल्या. काडी दाताने घातली. पहिल्या दोन फोडी पाण्यात सुटून गेल्या. तिसरीला बराच वेळ काही झालं नाही. मग एकदम त्यांचा आवाज आला, "अण्णा, तिकडं बघा."

मी चिमणीकडे तोंड केलं. पाठीमागे गळाची काठी दगडावर आपटली. पाण्यात कुणीतरी उतरल्याचा आवाज आला, धाप लागलेली ऐकू आली, एक शिवी ऐकू आली. आप्पांच्या तोंडून शिवी मी पहिल्यांदा ऐकली. एका हाताचा म्हातारा माणूस शेवाळावर उभा राहून मासा ओढत होता आणि मी, दोन्ही हात धड असलेला, धूर बघत बसलो होतो. मला वळायचं होतं. मी वळलो नाही. धर्म पाळला म्हणा किंवा त्यांचा शब्द पाळला म्हणा, पण मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि अजून वाटते.

"झालं," ते म्हणाले. मी वळलो तेव्हा ते कमरेपर्यंत भिजून बसले होते. प्लास्टरचा चिखल झाला होता. पोतं गुडघ्यांत घट्ट धरलेलं होतं आणि आत काहीतरी जोरजोरात हलत होतं.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. गिऱ्हाइकं होती म्हणून दारातच थांबले आणि म्हणाले, "दीड वाटी." एवढं सांगायला ते चालत आले होते.  मी पोऱ्याला चहा आणायला पिटाळलं.

पुढचं औषध आक्कांना मिळालं. त्याच्या पुढचंही मिळालं. पण पाडव्याच्या आधी त्या गेल्या.

आप्पा आता पिरनवाडीला लेकीकडे असतात. फोन केला तर जावयाच्या घरात काय काय मेसमध्ये चालणार नाही ते सांगतात. जायच्या आदल्या सकाळी ते बंधाऱ्यावर आले होते. हातात काठी नव्हती, दोरी नव्हती. पिशवीत लंचनचे तीन डबे होते. तिच्या रश्शासाठी आणून ठेवले होते, म्हणाले, आता लेकीच्या घरी कुठं न्यायचे. तिन्ही डबे फोडले आणि बोटांनीच तुकडे मोडून पाण्यात टाकायला लागले. कापले नाहीत, मोजले नाहीत. थोड्याच वेळात पाणी वरून हलायला लागलं.

मी माझ्या दगडावर होतो. त्यांनी मला हाताने बोलावलं. गेलो. त्यांनी शेवटचा डबा माझ्यापुढे धरला.

"घ्या, अण्णा. आज गळ न्हाय."

मी डब्यात हात घातला. थंड होतं, बोटांना तेलकट लागलं. वास मला नको नकोसा झाला होता, ते खोटं कशाला सांगू. पण डबा रिकामा होईपर्यंत मी तिथून हललो नाही. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून टाकत राहिलो आणि मासे वर येऊन घेत राहिले.

घरी पोचायला उशीर झाला. बायकोने विचारलं, कुठं होता एवढा वेळ. म्हणालो, मेसवाल्यांच्या आक्कांच्या कार्याला गेलो होतो. ती म्हणाली, मग जेवून आला असाल.

"न्हाय," मी म्हणालो, "वाढून आलो."