दहाव्याला दिलेला शब्द

माझा धाकटा भाऊ दत्ता याने आमच्या मेलेल्या आईला फसवलं. नदीच्या घाटावर, चारचौघांसमोर, हात जोडून फसवलं. हे आधी सांगते, कारण गावात उलटंच सांगतात: आक्का, म्हणजे मी, बाटली आणि तिनेच आईला फसवलं.

दोन हजार एक साली मी कराडजवळचं आमचं गाव सोडलं. नवऱ्याला मीरा रोडला नोकरी लागली होती. एसटी स्टँडवर आईने चटणीची बरणी पिशवीत कोंबली आणि गाडी हलेपर्यंत बजावत राहिली, "भाव केल्याशिवाय काही घेऊ नको. आणि फुकट तर कुणाचं मुळीच घेऊ नको." दत्ताने माझं सामान टपावर चढवलं आणि रडला. खरंच रडला.

आईचं मी ऐकलं. सिल्व्हर पार्कमध्ये एका जिन्याखाली फॉल-पिकोचं मशीन टाकलं, पुढे दुकान उभं केलं. अस्तराच्या कापडावरून गुजराती व्यापाऱ्याशी अशी भांडायचे की तो म्हणायचा, "बेन, आप कल आओ, आज मेरा बीपी हाय है." गावात माझा आवाज चढला की आत्या डोळे वटारायची. इथे त्या आवाजावरच माझं दुकान चाललं.

मग छातीत गाठ निघाली. कॅन्सर. केमोने केस गेले, अन्नाचा वास सोसेना. फिलोमीनाबाई ही उत्तनची कोळीण, माझं जुनं गिऱ्हाईक. ब्लाउज न्यायला घरी आली, मला बघितलं आणि दुसऱ्या दिवशी चर्चच्या महिला मंडळातल्या दोघींना घेऊन हजर. हातात पेजेचा डबा.

मी खेकसले, "काय पाहिजे तुम्हाला? सरळ बोला."

"डबा पाहिजे, धुऊन," ती म्हणाली. "न्हाय तर उद्याची पेज कशात आणू?"

प्रार्थना करू का, असं तिने विचारलं. म्हटलं, मला तुमच्या देवाशी बोलायचं नाही, भांडायचंय.

"मंग भांड की, बाय. त्याला सवय हाय. आमच्या बंदरावरच्या बायका रोज भांडतात."

मी भांडले. सौदाही मांडला: आधी मला बरी कर, मग तुझं काम करीन. उत्तर आलं नाही, पेज येत राहिली. एका दुपारी उलटीने जीव जात होता आणि फिलोमीनाबाई माझं कपाळ धरून उभी होती. तिची साडी मी घाण केली होती, पण तिचा हात हलला नाही. ही ज्याच्या नावाने हे करतेय त्याच्याशी भाव करायचा नाही, एवढं मला त्या मोरीत कळलं. सौदा मी मागे घेतला.

बरी होण्याची वाट न बघता मंडळाच्या कामाला लागले. आजारी बायकांसाठी सुती रुमाल शिवायचे, भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीपर्यंत जाऊन त्यांच्याजवळ बसायचे, इस्पितळात सोबत करायचे. तिथल्या रांगेत मध्ये कुणी घुसलं की माझं तोंड सुटायचं. फिलोमीनाबाई म्हणायची, "आमी प्रार्थना करतो, सुमन रांग सांभाळते."

पुढे मी बाप्तिस्मा घेतला. दत्ताचा फोन आला, "आता गावाला येऊ नको आक्का. लोकांना काय सांगू?" आई मात्र शेजारच्या घरून फोन करायची. विचारायची, "तुझा तो देव औषध घेऊ देतो ना?" देतो म्हटलं की म्हणायची, "मग चांगला आहे."

मधे बरी झाले होते; मग आजार उलटला आणि त्याच वर्षी आई गेली. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. दहाव्याला काय झालं ते काकीने फोनवर सांगितलं. पिंडाला कावळा शिवेना. म्हशीला नीट सांभाळू म्हणाले, देव्हारा बांधू म्हणाले; कावळा झाडावरच. शेवटी दत्ता हात जोडून मोठ्यांदा म्हणाला, "आई, आक्काला घरी आणीन." कावळा खाली उतरला. काकी सांगताना हुंदके देत होती.

मी दत्ताच्या फोनची वाट बघितली. आला नाही, तेव्हा मीच लावला. तो म्हणाला, "अगं आक्का, तिथं तसं म्हणावंच लागतं. लोकं उन्हात ताटकळली होती."

माझा आता कावळ्यावर विश्वास नाही. पण दत्ता, तुझा आहे ना?

आज मला घर विचाराल तर मी मीरा रोड सांगीन. इथे ताप चढला की किल्ली न शोधता आत येणाऱ्या बायका आहेत, आणि मीही अनेकींच्या घरात तशीच शिरते. पण इथे घर झालं म्हणून तिथला उंबरा सोडून द्यायला मी काही मेलेली नाही. माझ्यासारखे गाव सोडून आलेले पुष्कळ जण म्हणतात, जाऊ दे. मी जाऊ देणार नाही.

ही केमो संपली की मी येतेय. डोक्यावर केस नसतील आणि गळ्यात क्रूस असेल. दत्ता, तू दारात उभा राहा, काकीला आणि घाटावरच्या सगळ्यांना बोलाव, आणि त्यांच्यादेखत सांग: त्या दिवशी तू आईला शब्द दिलास, की नुसता कावळा उतरवलास?