हरल्यास गाव द्यायचं

“मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली होती. हात सुधारेल. बोलण्याचं आज सांगता येत नाही,” ठाण्याच्या रुग्णालयात डॉक्टर म्हणाले. बाबांना स्ट्रोक, म्हणजे पक्षाघात झाला होता. वाचा गेली त्याला त्यांनी अफेझिया म्हटलं. माणसाला समजतं, पण शब्द सापडत नाही.

त्या दिवशी सकाळी किन्हवलीजवळच्या आमच्या घरी त्यांच्या हातून कप पडला. तोंड किंचित वाकडं होतं. पित्त असेल म्हणून आम्ही लिंबूपाणी दिलं आणि तीन तास घालवले. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर कोणी असं थांबू नये.

बाराव्या दिवशी घरी सोडलं. तेव्हा बाबा फक्त “ते” म्हणत. पाणी हवं तरी “ते”, राग आला तरी “ते”.

शहापुरात स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाई, आठवड्यातून एकदा येतात. त्यांनी सांगितलं, “पहिले काही महिने महत्त्वाचे. घरात रोज शब्दांचे खेळ खेळा. उत्तर तुम्ही सांगू नका.”

खेळ आमच्याकडे होता. भाताच्या लावणीत वाकून कंबर मोडते, तेव्हा एक जण कोडं घालतो. ज्याला येत नाही, त्याने एक गाव द्यायचं, म्हणजे गावाचं नाव घ्यायचं, मगच उत्तर मिळतं. बाबांनी असे निम्मे तालुके जिंकले होते.

आम्ही ओटीवर बसून खेळू लागलो. बाबांचे ओठ हलले की आईच उत्तर देऊन टाकायची. मी तिला अडवलं. मग आम्ही दुसरी चूक केली. बाबा बोटाने काही दाखवत, आम्ही ते कोडं समजायचो आणि लगेच हरायचो. “घ्या सापगाव.” “घ्या शहापूर.” पाचव्या दिवशी त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. नऊ दिवस ते खेळले नाहीत. “ते”सुद्धा बंद झालं. थेरपिस्ट म्हणाल्या, “हे दिवस परत मिळणार नाहीत.”

दहाव्या दिवशी आई तांदूळ निवडत होती. वर न बघता तिने विचारलं, “पावसात डोक्यावर, उन्हात कोपऱ्यात. काय ते सांगा.”

मी छत्रीकडे बोट दाखवणार होते. आईने माझा हात खाली केला.

“येत नाय ना? मग गाव द्या. फुकट नाय सोडणार.”

बराच वेळ गेला. बाबांच्या मानेची शीर ताठली. “डो…” ते थांबले. “डोळ… खांब.”

आईचं सूप तसंच राहिलं. “माझं माहेर मलाच देता व्हय? लबाड.”

बाबा हसले. तोंड एका बाजूने वाकडं होतंच.

दया दाखवून आम्ही त्यांना खेळातून बाहेर काढलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. तुमच्या घरात असा रुग्ण असेल, तर त्याला हरू द्या. आणि थांबा. थांबणं औषध देण्यापेक्षा अवघड जातं.

आज सहा महिने झाले. पूर्ण वाक्य आलेलं नाही. येईल असं कोणी म्हणतही नाही. थेरपिस्टबाईंचे उपकार आहेत, आईचे त्याहून जास्त. तिच्याकडे आता शहापूर तालुक्यातली एकोणीस गावं आहेत. काल बाबांनी मुरबाडच्या दिशेला बोट दाखवून तिकडचं पहिलं गाव द्यायला सुरुवात केली. पहिल्या अक्षरावर अडकले आहेत. आई अजून थांबली आहे.