लठ्ठपणावर विजय

माझा धाकटा भाऊ आरोग्य खात्यात आराखडे करतो. म्हणजे खुर्चीत बसून एक वेबसाइट उघडतो. वस्तीचं आरोग्य कसं सुधारायचं, याचा सगळा तयार माल तिथे मिळतो. समस्या निवडा, उपाय निवडा, फोटो चिकटवा, झालं. ज्या वस्तीसाठी हे सगळं चालतं, तिथे पाऊल टाकायची गरज नाही. अशाच एका वस्तीतल्या गल्लीतले लोक त्याला ‘आराखडेसाहेब’ म्हणतात आणि हा खूश होतो. टोमणा कशाशी खातात, हे त्याला ठाऊक नाही.

त्याच गल्लीत आमची आई राहते. पाण्याचा पाइप गटारातून जातो. तो फुटला आणि शेजारची दोन मुलं काविळीने आडवी झाली, तेव्हा आई त्याला म्हणाली, “नळाचं तेवढं बघ रे बाबा. या वयात मला कावीळ झेपायची नाही.”

“यादीत पाइप नाही गं, आई. लठ्ठपणा आहे. त्याचं सगळं तयार मिळतं, पोस्टरसकट.”

“इथे लठ्ठ कोण आहे रे?” मी विचारलं.

“ताई, तुला त्यातलं कळत नाही.”

मग गल्लीत वजनकाटा आला. सगळ्यांची वजनं वेबसाइटवर चढली. ‘लिफ्ट टाळा, जिने चढा’ अशी पोस्टरं लागली. घरं सगळी बैठी! पाइप होता तसाच राहिला आणि कावीळ घरोघर शिरली. आईनेही अंथरूण धरलं. वर्षअखेरीस पुन्हा वजनं झाली, तेव्हा मी आणि शेजारणीने तिला धरून काट्यावर उभं केलं. नऊ किलो उतरली होती. अख्खी गल्लीच उतरली होती. वेबसाइटवर हिरवा रंग उमटला, उद्दिष्ट साध्य! माझ्या भावाचा सत्कार झाला.

हारतुरे घेऊन तो थेट आईकडे आला. मी भडकले. “लाज वाटते का? हे काविळीने उतरलेलं वजन आहे. निदान आईचा आकडा तरी काढून टाक.”

“एक काढला की सगळेच काढावे लागतील, ताई.”

आईने डोळे उघडले. “राहू दे गं. त्याची बढती अडेल.”

“बघ, आईला कळतं,” तो म्हणाला. बोलून घसा सुकला असावा. उठून त्याने पेला घेतला आणि नळाखाली धरला. उकळलेलं पाणी शेजारीच झाकून ठेवलेलं होतं.

मी काही बोलले नाही. तो गटागटा प्यायला.