आतली मंडळी

बाई निवृत्त झाल्या, तरी शाळेच्या प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्याकडेच राहिली. शाळा भरण्याआधी तिथे काही माणसं जमत, उंच स्टुलांवर बसत. बाई हलक्या आवाजात म्हणत, "डोळे मिटा. श्वासाच्या मागे मागे आत जा. तिथे आपल्याहून जुनी मंडळी नांदतायत. त्यांच्यात बसा."

जन्मभर त्यांनी जीवशास्त्र शिकवलं. ध्यान उशिरा आलं. दोन्हींत त्यांना फरक दिसेना. माती, झाड, माणूस, सगळीकडे त्याच सूक्ष्म जिवांची ये-जा. ऊन काचेच्या बरण्यांवर यायचं आणि आपली कातडी कुठे संपते, हे बसलेल्यांना कळेनासं व्हायचं.

बाईंचे यजमान गेले. पुढे बाईंच्या टाचेची जखम चिघळली. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचं पाकीट तसंच पडून होतं. पाय सुजून टम्म झाला.

नणंद आली ती तणतणतच. "वहिनी, पाय कापायची वेळ आणणार आहेस का?"

"या गोळ्या पारख करत नाहीत गं. सगळ्याच जंतूंना मारतात."

"मरू देत की मेले!"

"त्यांत ह्यांचे आहेत." बाईंनी मान वर केली नाही. "एका घरात राहणाऱ्यांचे जंतू एकमेकांच्या अंगावर रुजतात. पायांवर तर फारच. इतकी वर्षं एकाच फरशीवर अनवाणी वावरलो. ह्यांचं जिवंत असं एवढंच उरलंय."

नणंद बघतच राहिली. मग फिस्सकन हसली. "म्हणजे दादाला बोटांच्या बेचक्यात ठेवलायस? कधी मोजे जागेवर टाकले नाहीत त्याने. बरा मुक्काम मिळाला!"

बाईही हसल्या. हसता हसता रडू लागल्या.

नणंदेचा आवाज उतरला. "लहानपणी मी त्याच्याच पांघरुणात झोपायचे. त्याचं उष्टं खायचे. माझ्याकडेही त्याचं असेल ना काही?"

"असेल. खात्री नाही देता येत."

नणंदेने चपला काढल्या. पलंगावर शेजारी बसली आणि आपल्या पायाचा तळवा बाईंच्या चांगल्या पायाच्या तळव्याला टेकवला. "नसेना का खात्री."

बाईंनी डोळे मिटले. श्वास आत गेला. आत गोळ्यांनंतरचं, जळून गेलेलं एक रान दिसलं. त्याच्या काठावर, शेजारच्या रानातून, काहीतरी हिरवं सरकत येत होतं. घाई नव्हती त्याला.

तळव्याला तळव्याची ऊब लागत होती.

"पाणी दे," बाई म्हणाल्या. "आणि ते पाकीट."