दोन हात अंतरावरचे मामा

नियमांवर आमच्या हिच्या मामांइतका जीव असलेला माणूस साऱ्या सिंगापुरात दुसरा सापडणार नाही; आणि या देशात नियमांचा तुटवडा आहे, असे कोणी म्हणणार नाही. सेम्बावांगच्या गोदीत त्यांनी उमेदीची सगळी वर्षे सुरक्षा अधिकारी म्हणून काढली. दुरुस्तीला आलेल्या जहाजाच्या टाकीत किती माणसे उतरली आणि किती वर आली, हे मोजणे त्यांचे काम. निवृत्तीनंतर टाक्या सुटल्या, मोजणे सुटले नाही. वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटवर गणपतीच्या आरतीला मंडळी जमली की मामा दाराशी उभे राहून डोकी मोजत आणि प्रसादाच्या वेळी "एक कमी आहे, बाथरूममध्ये कोण?" असे खड्या आवाजात विचारत. एमआरटी मेट्रोच्या फलाटावर पिवळ्या रेषेवर कोणाचा बूट दिसला, की ते "पाय मागे घ्या!" असे शुद्ध मराठीत बजावत, आणि आश्चर्य म्हणजे चिनी गृहस्थसुद्धा निमूटपणे पाय मागे घेत. मी स्वभावाने भिडस्त. अशा प्रसंगी मी जवळचा खांब गाठत असे.

ही दोन हजार पंधराच्या आसपासची गोष्ट. परदेशातून आलेल्या एका नाटक कंपनीने आमच्या आठ वर्षांच्या सईला सशाच्या भूमिकेसाठी निवडले. पालकांच्या सभेला एकट्याने जाण्याचे धैर्य मला होईना, म्हणून मामांना बरोबर नेले. तिथे एका बाईंनी सांगितले, की कंपनीच्या नियमानुसार रंगमंचावर काम करणाऱ्या मुलांसोबत प्रशिक्षित, परवानाधारक चॅपरोन असावाच लागतो. मुलांचे जेवण, विश्रांती, घड्याळ त्याने सांभाळायचे आणि वेळ आली तर दिग्दर्शकालाही थांबवायचे. मामांचा हात वर गेला तो खाली येईना. "जावईबापू," ते माझ्या कानाशी म्हणाले, "हे माझंच काम आहे. फक्त माणसं बुटकी आहेत."

प्रशिक्षणाच्या वर्गात त्यांच्या निम्म्या वयाच्या मुली होत्या. मामांनी महिनाभरात नियमपुस्तिका अशी मुखोद्गत केली, की त्या मुली शंका विचारायला त्यांच्याकडे येऊ लागल्या. अर्जात त्यांनी स्वतःहून लिहिले: 'सई ही माझ्या भाचीची मुलगी आहे. तिला कोणतीही सवलत मिळणार नाही.' त्यांचा सर्वांत लाडका नियम असा, की रडणाऱ्या मुलाला त्याने स्वतः परवानगी दिल्याखेरीज हात लावायचा नाही. दोन हात अंतरावर, दुसऱ्या मोठ्या माणसाला दिसेल असे बसायचे आणि बोलायचे. हा नियम त्यांनी अख्ख्या वर्गाला शिकवला, आणि परीक्षेत नेमके त्यातच ते नापास झाले. परीक्षक बाई खुर्चीत बसून लहान मुलासारख्या रडू लागल्या. मामांनी क्षणात खिशातून रुमाल काढला, "उगी, उगी," म्हणत बाईंचे नाक पुसले आणि डोक्यावरून हात फिरवला.

"फार छान रडल्या हो त्या," घरी आल्यावर ते एवढेच म्हणाले. पुढचे चार दिवस त्यांनी काहीही मोजले नाही. आम्हाला तेच असह्य झाले. परीक्षेची आणखी एकच संधी होती. आणि तीत उत्तीर्ण झाले तरी परवाना तात्पुरता, तालमींवर देखरेख करणाऱ्या बाईंचा अहवाल चांगला आला तरच कायमचा. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांना नियम मोडण्यापासून वाचवले, त्याला आपणच नियम मोडल्याचा डाग घेऊन म्हातारे व्हायचे नव्हते.

मग आमच्या दिवाणखान्यात सराव सुरू झाला. रडणारे मूल मी. मामा टेपने दोन हात मोजून जमिनीवर बसत आणि आपले हात मांड्यांखाली दाबून धरत. "जावईबापू, जरा मनापासून रडा!" मी प्रयत्न करी. सोफ्यावरून सई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत निकाल देई, "बाबा क्राइंग लाइक प्रिंटर, लाह!" दुसऱ्या खेपेस मामा उत्तीर्ण झाले. माझ्या रडण्यामुळे नव्हे, त्या रडण्याला न जुमानता.

खरी परीक्षा रंगीत तालमीत झाली. सईची पाण्याची बाटली पोचवायला मी गेलो होतो. पाहतो तो ससे रंगमंचावर आणि आमचा ससा विंगेत हुंदके देतो आहे. ती आपले वाक्य विसरली होती. समोर देखरेखीच्या बाई वही घेऊन उभ्या. मी सवयीने खांबामागे गेलो. मामा आले, दोन हात अंतरावर जमिनीवर बसले, हात मांड्यांखाली. रंगमंच व्यवस्थापक धावत आला.

"अंकल, टू मिनिट्स ओन्ली. सेंड हर, कॅन ऑर नॉट?"

"कॅनॉट," मामा म्हणाले. "चाइल्ड इज रेस्टिंग."

मग सगळी तालीम खोळंबून राहिली असताना मामांनी पाढा सुरू केला. "एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक... एकोणतीस त्रिक..." त्यांनी हात मांड्यांखाली आणखी खोल दाबले, ते मला खांबामागून दिसले. हुंदका थांबला. "एटी-सेव्हन लाह, आजोबा," सई नाक ओढत म्हणाली, "यू ऑल्सो फर्गेट, आह?" मामा पाढ्यात आयुष्यात कधी अडलेले नव्हते. "हो ना," ते म्हणाले, "विसरतो माणूस." सई उठली आणि रंगमंचावर गेली.

अहवाल आम्हाला दाखवला गेला नाही. पण परवाना कायम झाला. फोटो असलेला बिल्ला गळ्यात घालून मामा चोआ चू कांग भागातल्या नातेवाइकांकडे दोन वेळा चहाला गेले, आणि मीसुद्धा, ज्याला स्वतःविषयी चार शब्द बोलता येत नाहीत, ऑफिसात सर्वांना सांगत सुटलो, की आमचे मामा परवानाधारक आहेत.

चार वर्षांनी त्यांनी पुण्याला परतायचे ठरवले. बिल्ला परत करून ते आमच्याकडे निरोप घ्यायला आले. सई एव्हाना त्यांच्या खांद्याला लागत होती. ती जवळ आली, तसे मामा सवयीने दोन हात अंतरावर थांबले. गळ्याशी हात नेऊन बिल्ला नसल्याची त्यांनी खात्री करून घेतली.

"डोक्यावर हात ठेवू का गं?"

"कॅन, आजोबा," ती म्हणाली, आणि तिनेच मान खाली केली.

हात बराच वेळ तिथेच राहिला. किती वेळ, ते त्यांनी मोजले नाही.